कमलाक्षीच्या वाटणीचं लाकूड

धारगळला हायवेवरून आत वळलं की थोड्याच अंतरावर कमलाक्षीचं घर लागतं. घरामागे पत्र्याची एक लहानशी मांडवी होती आणि त्या मांडवीखाली कमलाक्षीनं स्वतःच्या चितेची लाकडं रचून ठेवली होती. परक्या माणसाला हे ऐकून दचकायला होई. गावाला त्याचं काही वाटत नसे. लाकडं आंब्याची, कित्येक पावसाळे ओलांडून खडखडीत वाळलेली. वाळवी लागू नये म्हणून खाली चिरे मांडलेले, वर जुनी ताडपत्री. दर वर्षी दिवाळी सरली की म्हातारी पदर खोचून ती सगळी रास उलथीपालथी करायची, तळचे ओंडके वर आणि वरचे तळाला. वाटेनं जाणारं कुणीतरी हटकायचंच, "काकी, काय चललाहा?"

"हांतरूण घालतंय माझा," असं म्हणून ती पुढचा ओंडका उचलायची.

हा काही हौसेचा प्रकार नव्हता. तिचा नवरा भिकाजी गेला तो ऐन श्रावणात. डेपोतून लाकूड आणलं ते वरून सुकं आणि आतून ओलं. मुलगा प्रवीण आणि गावचे चार जण दुपारी घेऊन गेले, ते काळोख पडला तरी परतले नाहीत. आधी रॉकेल ओतलं. मग कुणीतरी ट्रकमधून डिझेल काढून आणलं, जुना टायर टाकला. डिचोलीच्या खाणीवर जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला शेवटी डिझेलनंच पोचवावं लागलं, असं एक शहाणा तेराव्याच्या पंगतीत बसून म्हणाला, आणि कमलाक्षीनं त्याच्या पानात दुसऱ्यांदा खीर वाढली नाही. प्रवीणच्या अंगाचा रॉकेलचा वास दोन दिवस जात नव्हता. पोरगा जेवायला बसायचा आणि उठून जायचा. बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे तिनं काही पाहिलं नाही, पण जे पाहिलं नाही तेच तिला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिलं. आपल्या वेळेला आपल्या पोराला हे भोगायला लावायचं नाही, एवढं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

म्हणून मग तिनं बांधावरचा आंबा पाडला. आणि तिथून शेजारच्या कृष्णनाथाशी तिचं वाजलं.

आंबा उभा होता तो बरोबर दोन अंगणांच्या मध्ये. मुळं कुणाकडे जास्त, फांद्या कुणाकडे जास्त, यावरून दोन्ही घरांत आजोबांच्या काळापासून कुरबूर होतीच. झाड पडल्यावर कृष्णनाथ कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "अर्धो माझो." कमलाक्षी तेव्हा नुकती विधवा झालेली, डोकं तापलेलं. ती म्हणाली, "तुझो वाटो सावलेचो होतो. ती घेवन जा." बस्स. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. पूर्ण बंद असंही नाही. कृष्णनाथाला तिला काही ऐकवायचं असलं की तो आपल्या टिपू नावाच्या कुत्र्याला ते मोठ्यानं सांगायचा, आणि कमलाक्षी आपल्या कोंबड्यांना दाणे टाकता टाकता उत्तर द्यायची. कुत्रा आणि कोंबड्या यांच्या मार्फत दोन्ही घरांचा कारभार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता.

तर गेल्या चैत्रात आखातात दोन शेजारी देशांची जुंपली. त्यांची नावं तुम्हाला मला पाठ झालेली आहेत, कमलाक्षीला ती शेवटपर्यंत धड घेता आली नाहीत. टीव्हीवर टाय लावलेला एक माणूस नकाशावर बोट फिरवून एक चिंचोळी समुद्राची वाट दाखवत होता. तिथे बोटी अडकल्या होत्या. एका बोटीला आग लागलेली तीच तीच दाखवत होते.

"बांधावरसून काय?" तिनं प्रवीणला विचारलं.

"बांध, तेल, देव, सगळाच आसा त्यात," प्रवीण म्हणाला. त्याची टॅक्सी विमानतळावर लागायची. आखातावरून येणारी विमानं रद्द झाली होती, पाव्हणे येत नव्हते, आणि जे येत होते त्यांना पोचवून पेट्रोलचे पैसे सुटतील की नाही याचा भरवसा नव्हता. दिवसभर रांगेत बसून तो रिकाम्या हातानं घरी यायचा आणि टीव्हीपुढे आडवा व्हायचा.

"तेंचो झगडो तेंच्याकडे. माझो सिलिंडर कित्याक अडाकलो?"

प्रवीणनं समजावलं. गॅस तिथून बोटीनं येतो, बोट त्या वाटेनंच येते, वाट बंद. कमलाक्षीनं सगळं ऐकून घेतलं. दोन म्हातारे बांधावर उभे राहून भांडतात तेव्हा वाटेनं जाणाऱ्या माणसाला का थांबावं लागतं, हे तिला काही केल्या पटेना. पण पटो न पटो, सिलिंडर यायचा थांबला तो थांबलाच.

घर चालत होतं ते आता एकट्या गौरवीवर. गौरवी म्हणजे प्रवीणची बायको. हायवेच्या कडेला पिंपळाखाली तिचा भजी-पावाचा गाडा. सकाळी पाववाला पोदेर गरम उंडे पाव टाकून जायचा, मिरची भजी, कांदा भजी, पातळ भाजी, आणि दुपारपर्यंत सगळं उडून जायचं. ट्रकवाले, विमानतळावर कामाला जाणारे, एसटीची वाट बघणारे, शाळेतले मास्तर. ती जागा काही तिच्या नावावर नव्हती. पिंपळाच्या नावावरही नव्हती. रोज सकाळी तिथे तिचा गाडा उभा राहतो म्हणून ती तिची, एवढाच काय तो हक्क. आणि असा हक्क रोज सकाळी उभं राहूनच टिकवावा लागतो.

गाड्यावरचा मोठा सिलिंडर आधी संपला. मग घरातला लाल सिलिंडर गाड्यावर गेला, आणि घरची चूल नारळाच्या वाळक्या चुडतांवर पेटू लागली. तोही संपला. नंबर लावलेला होता, पण एजन्सीवाला फोन उचलत नव्हता. चुडतं आणि करवंट्या घरच्या भाताला पुरतात, भज्यांच्या कढईला नाही. ती भडकतात आणि बसतात, तेल कधी धुरकटतं, कधी थंड पडतं. लाकूड विकत घ्यावं तर मिळेना. काजूचा मोसम, फेणीच्या भट्टीवाल्यांनी आधीच लाकूड उचललेलं. उरलेलं किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्यांनी गाड्या भरभरून नेलं. गाडा बंद पडला.

चार दिवसांनी पिंपळाच्या सावलीत आइस्क्रीमची एक व्हॅन उभी राहिली. तिला गॅस लागत नव्हता.

याच दिवसांत मांद्र्याहून गोकुळदास आला. समुद्रावर त्याचं मोठं हॉटेल. कुणीतरी त्याला मांडवीची बातमी दिली होती. जीप थेट अंगणात आणली, लाकडांवर चापट मारून पाहिली आणि सांगाल तो भाव देतो म्हणाला.

"विकूचा नाय ता. माझा हांतरूण ता," कमलाक्षी म्हणाली.

"काकी, तुका इतक्यात खंय जावचा आसा? पावसाआदी तुका नवी रास घालून दितंय. शब्द माझो."

"आणि माझ्याआदी तूच गेलंस तर?"

गोकुळदास हसला, पण बसला नाही. त्यानं गौरवीनं आणलेला चहासुद्धा उभ्यानंच घेतला. जीप निघून गेल्यावर कमलाक्षीनं सुनेकडे पाहिलं. गौरवीनं कप उचलले आणि ती आत गेली. या साऱ्या दिवसांत तिनं एकदाही त्या लाकडांचं नाव काढलं नव्हतं. मागितली असती तर कमलाक्षीनं कदाचित नाही म्हटलं असतं, आणि मग विषय मिटला असता. न मागणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते तिला कळेना.

गौरवी रोज सकाळी नेहमीच्या वेळेला उठत होती. कांदा चिरायचा नव्हता, पीठ भिजवायचं नव्हतं, तरी उठायची. गाडा अंगणात आणून लावलेला. त्यावरची मोठी कढई ती काढायची, गंज धरू नये म्हणून तिला तेलाचा हात फिरवायची, पुसायची, पुन्हा जागेवर ठेवायची. कमलाक्षी जनेलाच्या गजांआडून बघायची. पहिले काही दिवस नुसती बघत राहिली. मग एके सकाळी तिला ते बघवेना. ही कढई पुसते आहे आणि मी माझं मरण पुसून ठेवते आहे, दोघी एकाच घरात, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचा राग आला. आखातातल्या त्या लढाईनं दमून गेली होती ती. मरायच्या वयात हे काय मागे लागलं, असं तिला झालं होतं.

"प्रवीण, कुऱ्हाड घी," तिनं आत हाक मारली.

गौरवी धावत आली. "आये, नको. ती तुमची."

"अर्धी माझी. अर्धी फोड. माझ्या हाडांक काय लागता गो? मी कितकीशी उरलंय?"

अंगणाच्या कोपऱ्यात चिरे मांडून त्यांनी चूल केली आणि भजी घरीच तळून गरमागरम गाड्यावर न्यायची असं ठरलं. आंब्याचं लाकूड जुनं, वाळलेलं. निखारा असा धरला की तेल हलायचं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडा पिंपळाखाली लागला आणि आइस्क्रीमवाल्याला उन्हात सरकावं लागलं. त्या दुपारी गौरवी रिकामे टोप घेऊन आली तेव्हा घामानं निथळत होती, आणि सासूच्या पुढ्यात भज्यांचा चुरा ठेवून ती कितीतरी वेळ कोण कोण काय काय म्हणालं ते सांगत बसली. कमलाक्षीला फार बरं वाटलं. मांडवीकडे मात्र तिनं त्या दिवशी पाहिलं नाही.

पण कुंपणापलीकडे कृष्णनाथ होता. त्यानं कुऱ्हाडीचा आवाज ऐकला होता, धूर पाहिला होता. त्याचं स्वतःचं काही बरं चाललं नव्हतं, दम्यानं बेजार, चार पावलं चालला की छाती धरून उभा राहायचा. तरी त्यानं टिपूला बोलावलं.

"आयकलंस रे टिपू? मड्याच्या लाकडार भजी तळतत आता. खावपी खावंदेत."

कमलाक्षीनं हातातले दाणे एकदमच कोंबड्यांपुढे ओतले आणि ती आत गेली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं. खरं तर गावाला ती लाकडं कशाची ते आधीपासून ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कुणीतरी बोलून दाखवणं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून गाड्यावर फक्त ट्रकवाले आले. त्यांना काही माहीत नव्हतं. गावातली माणसं एसटीच्या थांब्यावर उभी राहून दुसरीकडे बघत होती. मास्तरांनी पोट बिघडल्याचं सांगितलं. भजी उरली, उंडे उरले, आणि आइस्क्रीमवाला हळूहळू पुन्हा सावलीकडे सरकू लागला.

तिसऱ्या दिवशी कमलाक्षी धुवट लुगडं नेसली आणि सकाळच्या एसटीच्या वेळेला गाड्यापाशी जाऊन बसली. सगळे होते. तिनं गौरवीकडून एक बशी मागून घेतली, उंडा मोडला, भजी मोडली आणि सगळ्यांच्या देखत सावकाश खाल्ली. तिखट होती, डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मी मेलंय काय?" तिनं थांब्याकडे बघून विचारलं. "नाय मा? मगे ता मड्याचा लाकूड कसा? मी मरासर ता नुसता लाकूड. तुमच्या घरात जळता तसाच."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एक जण पुढे झाला, मग दोघे. सगळेच आले असं नाही. मास्तरांचं पोट काही सुधारलं नाही ते नाहीच. पण गाडा चालेल एवढी माणसं आली. घरी परतल्यावर कमलाक्षीनं कोंबड्यांना भरपूर दाणे टाकले आणि कुंपणाकडे तोंड करून म्हणाली, "बघा गो, आमचा अजून पचता." कुंपणापलीकडून खोकल्याची उबळ तेवढी ऐकू आली.

लढाई संपेना. टीव्हीवरचा माणूस रोज संपेल म्हणत होता. गौरवीच्या वाट्याची अर्धी लाकडं संपत आली, तशी एका संध्याकाळी कमलाक्षी आपण होऊनच म्हणाली, "उद्यापासून त्या कडेचा काढ." गौरवीनं मान खाली घातली. सासूच्या वाट्याला हात लावायची वेळ आली याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटली तरी लाकूड हवंच होतं. कमलाक्षीला हे दोन्ही कळत होतं. त्या रात्री तिला झोप लागली. आता राखायला काही उरलं नाही, असं वाटून लागली असावी.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, पानवेलीला पाणी घालता घालता, कृष्णनाथ खाली बसला तो उठला नाही.

त्याची बायको सुमंगला ओरडली तेव्हा सगळे कुंपण ओलांडून धावले. मुलगा रुद्रेश कामावर निघाला होता, तो परत फिरला. डॉक्टर येऊन गेले. रीतीप्रमाणे रडणं झालं, आणि मग रुद्रेश फोन घेऊन अंगणात उभा राहिला. डेपोत लाकूड नव्हतं. दुसऱ्या डेपोतही नव्हतं. शहरातलं गॅसवरचं स्मशान गॅस नाही म्हणून बंद. आमोण्याला कमलाक्षीच्या माहेरकडच्या माणसांना विचारून झालं, त्यांच्याकडेही काजूच्या भट्टीची थोटकं तेवढी. पूर्वी गावात कुणी गेलं की घराघरातून एकेक लाकूड जायचं. ती रीत मोडून जमाना झाला होता, तरी त्या दिवशी लोकांनी ती आठवली आणि जे होतं ते आणलं. कुणी सुरूचा वासा, कुणी मोडकी बाज, कुणी नारळाची सोडणं. अंगणात त्याचा ढीग झाला आणि सगळे त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. मे महिन्याचं ऊन चढत होतं. भिकाजीच्या वेळेला रॉकेल ओतणारे दोघे त्यांतच होते.

मांडवीकडे कुणी बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. रुद्रेश कुंपणाशी येऊन उभा राहिला, बरोबर त्याच जागी, जिथे त्याचा बाप उभा राहून अर्धा आंबा मागत होता.

कमलाक्षी आधी त्याच्याकडे गेली नाही. ती कोपऱ्यातल्या चुलीपाशी गेली. गौरवी तिथे होती, त्या दिवशीचं तळण अर्धवट राहिलेलं, खाली आंब्याचे निखारे लाल.

"गौरवी, आता ती तुझी. तू सांग."

गौरवीला सगळं दिसत होतं. आज लाकडं गेली की उद्या गाडा बंद, परवा तिथे आइस्क्रीमची व्हॅन, आणि मग ती जागा पुन्हा मिळेल न मिळेल. मग तिनं फडक्यानं दोन्ही कान धरून कढई खाली उतरवली.

कमलाक्षी कुंपणाशी गेली. "घेवन जा, बाबा. अर्धो आंबो तुझ्या बापाशीचोच होतो. टिपूक सांगायचो तो सदीच."

"कितकी नेवची, काकी?"

"लागतत तितकी."

इथे चूक झाली. लागतील तितकी म्हणजे किती, ते अशा वेळी कोण मोजत बसणार? बापासाठी लाकूड कमी पडलं असं होऊ नये म्हणून रुद्रेशनं आणि पोरांनी पिकअप लावली आणि मांडवी झाडून नेली. एक ढलपीसुद्धा मागे ठेवली नाही. चांगल्या मनानं नेली, त्यामुळे कुणी थांबवलं नाही. गौरवीनं पाहिलं, पण मयताच्या गाडीपुढे उभं राहून एवढी ठेवा म्हणायचं तिच्या जिभेवर येईना.

उन्हं उतरायच्या आत सगळे परत आले. चिता एका काडीत धरली म्हणे. जुनं लाकूड, रॉकेलचा थेंब लागला नाही. आंघोळ करून ओल्या डोक्यानं रुद्रेश अंगणाबाहेरच उभा राहिला.

"काकी, बरीचशी उरलीत. आमका वाटला सगळी लागतली. उद्या पिकअप घालून परत..."

त्याच्या मागून येणारा गावचा म्हातारा मानकरी थांबला. "थंय गेल्ला परत येणा नाय रे," तो म्हणाला. रुद्रेशलाही ते माहीत होतं. स्मशानात नेलेली वस्तू घरी आणत नाहीत, मग ते लाकूड असो नाहीतर पाण्याची बाल्दी. त्यानं मान खाली घातली आणि तो निघून गेला.

गौरवी पायरीवर बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच अशी मटकन बसली. कमलाक्षीला मात्र रुद्रेशचा राग आला, त्या मानकऱ्याचा आला, नकाशावर बोट फिरवणाऱ्याचा आणि त्या दोन देशांचा आला. सगळ्यांत जास्त कृष्णनाथाचा. जन्मभर अर्धं मागत राहिला आणि जाताना सगळंच घेऊन गेला. ती कुंपणाकडे तोंड करून काहीतरी बोलणार होती, पण कोंबड्या केव्हाच खुराड्यात गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडा लागला नाही. गौरवीनं चुडतांवर पेज केली आणि शेजारी नेऊन दिली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजाऱ्यांनीच बघायचं असतं. भांडण असो नसो, त्याला इलाज नाही. ती परत आली आणि मागोमाग कुंपणाच्या खिंडारात खडखड आवाज झाला.

सुमंगला येत होती. कपाळ मोकळं, केस सुटलेले, आणि दोन्ही हातांनी ती एक लाल सिलिंडर लोळवत आणत होती. रुद्रेश मागून धावत आला, पण तिनं त्याला हात लावू दिला नाही. आंबा पडल्यापासून ती कमलाक्षीशी एक शब्द बोलली नव्हती, नवरा बोलत नाही म्हणून तीही नाही. तिला कुत्र्याशी बोलायचीही सवय नव्हती. ती सरळच बोलली.

"भरलेलो आसा. लढायेआदी घेवन ठेवलेलो. आमची शेगडी तेराव्यासर पेटूची नाय. थंय बसून काय करतलो तो? गाड्यार लाव."

कमलाक्षीनं सिलिंडरकडे पाहिलं, सुमंगलाकडे पाहिलं. "सुतकातलो सिलिंडर. गाव काय म्हणतलो गो?"

"गावाक तू सांग. तुका बरा सांगाक येता."

हसायचे दिवस नव्हते, म्हणून कुणी हसलं नाही. कमलाक्षीनं हात पुढे करून तिला खिंडारातून अलीकडे घेतलं, आणि दोघींनी मिळून तो सिलिंडर गौरवीच्या गाड्यापर्यंत लोळवत नेला. दोघींचीही वयं झालेली, पोचेपर्यंत धाप लागली. मग दोघी तिथेच ओट्यावर बसल्या आणि सुमंगला मोकळेपणानं रडली.

गाडा पुन्हा पिंपळाखाली गेला. आइस्क्रीमवाला या खेपेला पूर्ण सरकला नाही, सावली आता दोघांत वाटलेली आहे. सिलिंडर कुणाचा ते गावाला अर्थातच कळलं, पण या वेळी ते कुणी कुत्र्याला सांगितलं नाही. सुमंगलाच्या घरी सकाळ-संध्याकाळ जेवण गौरवीकडून गेलं. तेराव्याच्या सुमाराला एजन्सीची गाडी एकदाची आली. आखातात दोन्ही बाजूंनी दम खायला लढाई थांबवली होती म्हणे, किती दिवस ते सांगता येत नाही असं टीव्हीवरचा माणूस म्हणाला. भाव वर गेलेला वरच राहिला. प्रवीण पुन्हा रांगेत टॅक्सी लावू लागला.

मिरगाच्या आधी रुद्रेश एकदा आला. मांडवीचे पत्रे मिळतील का विचारत होता. स्मशानातलं उरलेलं लाकूड उघड्यावर पडलं होतं, पावसात भिजेल.

"तुमचा ता, काकी," तो म्हणाला. "भिजाक दिवचंय नाय."

कमलाक्षीनं पत्रे काढू दिले. खालचे चिरेही ने म्हणाली, वाळवी लागेल. मांडवी मोडली तशी मागचं अंगण एकदम मोठं दिसायला लागलं. गौरवीनं विचारलं, नवीन रास घालायची का, प्रवीण कुठून तरी लाकूड बघेल. कमलाक्षीनं नको म्हणून हात हलवला. तिला आता उचलापाचल होत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिला कसलीच तयारी करायचा कंटाळा आला होता.

संध्याकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. कृष्णनाथ गेल्यापासून टिपू खिंडारातच बसून असायचा, कुणी हाक मारील म्हणून वाट बघत. आज त्यानं तिच्याकडे पाहून शेपूट हलवली. कमलाक्षी वाकली. जन्मात तिनं त्या कुत्र्याला कधी हात लावला नव्हता, तो तिनं त्याच्या डोक्यावर ठेवला.

"तुझ्या धन्याक सांग," ती म्हणाली. "आपलो वाटो घेतल्यान, बरा केल्यान. आता थंय उरलाहा ता माझा. मी येयपर्यंत राखण कर म्हणान सांग."